वर्तन-उपचाराच्या खोलीत मुलासमोर कोण बसते, हे पालकांना कळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोथरूडपासून वाकडपर्यंत आणि सिंहगड रस्त्यापासून हडपसरपर्यंत पुण्यात स्वमग्न मुलांसाठी अनेक थेरपी केंद्रे उभी राहिली आहेत आणि त्यांतील बऱ्याच फलकांवर ‘एबीए’ म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण, अर्थात वर्तनाच्या आधी आणि नंतर काय घडते ते पाहून शिकवण्याची पद्धत, हे नाव ठळकपणे लिहिलेले असते. केंद्रे निघाली हे चांगलेच झाले, त्यांची गरज होतीच. मात्र या केंद्रांत मुलासमोर तासन्‌तास बसणारी व्यक्ती सहसा वर्तन विश्लेषक नसते. विश्लेषकाने आखून दिलेला कार्यक्रम राबवणारी ती तंत्रज्ञ असते, किंवा असायला हवी. केंद्रात तिला सरसकट थेरपिस्ट म्हणतात, मुले ताई म्हणतात. या ताईला नेमके काय आले पाहिजे आणि कोणत्या गोष्टी तिने स्वतःच्या जबाबदारीवर करू नयेत, याची कल्पना महिन्याला मोठी रक्कम मोजणाऱ्या पालकांनाही क्वचितच असते. मी विशेष शिक्षिका असून अशा तंत्रज्ञांच्या कामावर देखरेख करते, त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे. ज्या कामावर देखरेख नाही त्याला एबीए म्हणू नये आणि त्या नावाने शुल्कही आकारू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

या शास्त्राचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत असला तरी उपयोजित शाखा म्हणून त्याची घडी १९६८ साली बसली. त्या वर्षी अमेरिकेत ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस’ हे नियतकालिक सुरू झाले आणि त्याच्या पहिल्याच अंकात बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी अशा कामासाठी सात कसोट्या मांडल्या. त्यांतील एक कसोटी तंत्रज्ञाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. ती अशी, की उपचाराची कृती इतक्या स्पष्टपणे लिहिलेली असावी की दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीला ती वाचून तशीच करता यावी. पुण्यातल्या किती केंद्रांत मुलाचा असा लेखी कार्यक्रम पालकांना दाखवला जातो, याचा शोध एखाद्या वार्ताहराने जरूर घ्यावा.

पालक आजही अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ सालच्या अभ्यासाचा दाखला देतात. त्यात १९ लहान मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास एकास एक शिकवले गेले आणि त्यांपैकी ९ मुले नियमित शाळेची पहिली इयत्ता पार करून गेली. केंद्रांच्या पत्रकांतून हा आकडा फिरत असतो, पण त्याच्या मागचे-पुढचे कोणी सांगत नाही. मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी निष्पक्ष नव्हती, त्या काळच्या पद्धतीत मोठ्याने दरडावणे आणि मांडीवर चापट मारणेही होते, जे आज कोणत्याही जबाबदार कामात बसत नाही. आणि मुलांना शिकवणारे बहुतेक जण विद्यापीठातले विद्यार्थी असले तरी ते प्रशिक्षित होते व सतत देखरेखीखाली काम करत होते. आपण ४० हा आकडा तेवढा उचलला आणि देखरेख मागे ठेवली.

आता तंत्रज्ञाच्या प्रत्यक्ष कामाकडे वळते. पहिला धडा वर्तनाचे वर्णन करण्याचा असतो आणि तोच सर्वांत अवघड जातो. ‘आज मूड नव्हता’, ‘फार हट्ट केला’, ‘लक्ष देत नाही’ अशा नोंदी मी वह्यांमधून कायम वाचते. त्यांतून काही हाती लागत नाही, कारण दोन माणसांचा हट्ट एकसारखा नसतो. ‘कोड्याचे तुकडे पुढे ठेवल्यावर तीन सेकंदांच्या आत ते दोन्ही हातांनी ढकलले’ हे वर्तन झाले, कारण ते दिसते आणि मोजता येते. त्याच्या आधी काय घडले आणि नंतर काय घडले, हे दोन्ही बाजूंना लिहिले की तीन रकान्यांची नोंद तयार होते. प्रशिक्षणातील बाकी सारे या तीन रकान्यांवर उभे आहे.

या रकान्यांतून शोधायचे असते ते वर्तनामागचे कारण. मूल एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करते तेव्हा त्यातून त्याला बहुधा चारांपैकी एक काहीतरी मिळत असते. कोणाचे तरी लक्ष मिळते, हवी ती वस्तू मिळते, नको असलेल्या कामातून सुटका होते किंवा त्या हालचालीतून शरीरालाच बरे वाटते. तुकडे ढकलणाऱ्या मुलाला ताईने कोपऱ्यात नेऊन दोन मिनिटे बसवले तर तिला वाटते की शिक्षा झाली. प्रत्यक्षात मुलाला कोड्यातून सुटका हवी होती आणि ती मिळाली, त्यामुळे उद्या ते तुकडे आणखी लवकर ढकलले जातात. तेच तुकडे ढकलणारे दुसरे मूल ताईने रागावून आपल्याकडे बघावे म्हणून तसे करत असेल, तर कोपऱ्याचा परिणाम अगदी वेगळा होईल. म्हणजे ढकलणे दोघांचे सारखेच असले तरी उपाय एकमेकांच्या उलट ठरतात. हे कारण प्रायोगिक पद्धतीने तपासण्याची रीत इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडली. परंतु अशी तपासणी करणे हे तंत्रज्ञाचे काम नाही आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

शिवाय कारण शोधण्याआधीही एक पायरी असते, जी वगळलेली मी पाहिली आहे. ज्या मुलाला बोलता येत नाही आणि जे अचानक डोके आपटू लागले आहे, त्याचा दात किंवा कान दुखतो आहे का, चार दिवस शौचाला झालेले नाही असे तर नाही ना, हे बालरोगतज्ज्ञाने पाहिल्याशिवाय वर्तनाचा तक्ता उघडू नये. तसेच गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशाच्या आवाजाने कान झाकून पळणाऱ्या मुलाचे पळणे हे ‘समस्या वर्तन’ नव्हे. तो आवाज अनेक धडधाकट मोठ्यांनाही सोसत नाही.

दुसरा धडा प्रबलनाचा. वर्तनानंतर लगेच असे काही घडले की ज्यामुळे ते वर्तन पुढे वाढले, तर ते प्रबलन झाले. ताईच्या हेतूवरून ते ठरत नाही. चिक्कीचा तुकडा दिला आणि काम वाढले नाही, तर त्या मुलासाठी त्या क्षणी चिक्की हे प्रबलक नव्हते. कदाचित गाडीत बसल्या बसल्या आईने त्याला दोन चिक्क्या खाऊ घातल्या असतील. म्हणूनच रोज काम सुरू करण्याआधी दोन-चार वस्तू समोर ठेवून मूल आज कशाकडे हात करते हे पाहायचे असते, आणि जे द्यायचे ते अपेक्षित कृतीनंतर क्षणार्धात द्यायचे असते. वही भरून झाल्यावर एकसुरी ‘व्हेरी गुड’ म्हणण्याने काही साधत नाही. नको असलेली गोष्ट दूर झाल्यानेही वर्तन वाढते, हे मात्र पुष्कळांना पटकन ध्यानात येत नाही. त्याचा चांगला उपयोग करता येतो. काम नकोसे झालेल्या मुलाला तुकडे ढकलण्याऐवजी ‘थांबू या’ असे म्हणायला, किंवा बोलता येत नसेल तर तसे चित्र हातात द्यायला शिकवावे आणि त्याने ते केले की खरोखर थांबावे. कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ साली दाखवून दिले की मागण्याचा असा पर्यायी मार्ग शिकवल्यावर मुलांचे त्रासदायक वर्तन कमी होते. या क्षेत्रातल्या साऱ्या तंत्रांपैकी एकच शिकवण्याची मुभा मला दिली, तर मी हेच शिकवीन.

याच्या उलट बाजूचे तंत्र म्हणजे आधी मिळणारा लाभ बंद करणे, आणि नवशिक्या हाती ते धोक्याचे ठरते. ज्या रडण्याने आजवर मोबाइल मिळत होता त्या रडण्याने तो मिळेनासा झाला, की रडणे कमी होण्याआधी बहुधा वाढते. त्या वाढीच्या वेळीच घरात कोणीतरी, बहुतेक आजोबा, विरघळतात आणि मोबाइल देऊन टाकतात. त्यातून मूल एवढेच शिकते की थोडे रडून भागत नाही, पुष्कळ रडावे लागते. आजोबांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांना आधी कोणी काही सांगितलेलेच नसते. घरातील सर्वांना बसवून हे समजावणे आणि मगच उपाय सुरू करणे ही देखरेख करणाऱ्याची जबाबदारी आहे. ‘आपण लक्षच द्यायचे नाही’ हा निर्णय तंत्रज्ञाने सेशनच्या मध्येच एकटीने घेऊ नये. कंपाउंडरने डॉक्टरांना न विचारता औषधाची मात्रा बदलावी, तसे ते होईल.

शिकवण्याच्या तंत्रांविषयी थोडक्यात लिहिते. हात धुणे, टी-शर्ट घालणे यांसारखी कामे लहान पायऱ्यांत तोडून शिकवतात आणि पुष्कळदा शेवटची पायरी आधी शिकवतात, म्हणजे प्रत्येक वेळी काम पूर्ण केल्याचा आनंद मुलालाच मिळतो. सुरुवातीला दिलेली मदत, मग ती हात धरून असो, खुणेने असो की शब्दाने, ठरवून कमी करत न्यावी लागते. ती कमी केली नाही तर मूल ताईच्या हाताची वाट पाहत बसायला शिकते, आणि कार्यक्रमात पाहुण्यांसमोर हात धरून करवलेला नमस्कार कौशल्य म्हणून नोंदवला जातो.

पुण्यापुरती एक गोष्ट मला विशेष खटकते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला केंद्रात ‘टच नोज’, ‘गिव्ह मी’, ‘कम हिअर’ या सूचना इंग्रजीत दिल्या जातात, कारण तयार तक्ते इंग्रजीत असतात आणि पुढे शाळा इंग्रजी माध्यमाची असणार असे गृहीत धरलेले असते. मूल टेबलाशी बसून ‘वॉटर’ म्हणते आणि घरी आजीसमोर तहानेने व्याकूळ होऊन रडते, कारण ‘पाणी’ हा शब्द मागण्यासाठी कोणी शिकवलेलाच नसतो. १९६८ च्या सात कसोट्यांपैकी शेवटची हीच आहे, की शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसांबरोबर आणि पुढच्या काळातही टिकली पाहिजे. ती आपोआप टिकत नाही, तिच्यासाठी योजना करावी लागते. ‘दे’, ‘ये’, ‘नको’, ‘पाणी’, ‘आणखी’ हे शब्द घरात, जिन्यात, पीएमपीच्या बसथांब्यावर, भाजीवाल्यासमोर शिकवले गेले पाहिजेत. दोन भाषा शिकवू नयेत असे मी म्हणत नाही. ज्या भाषेत मुलाचा दिवस जातो तिच्यापासून सुरुवात करावी, एवढेच म्हणते. तंत्रज्ञ मराठी मुलगी, मूल मराठी, पालक मराठी आणि सेशन तेवढे इंग्रजीत, याचे समर्थन कोणत्याही शास्त्रात सापडणार नाही.

नोंदींबद्दल पालकांनी आग्रही राहावे. प्रत्येक प्रयत्नानंतर मुलाने ते स्वतः केले, मदतीने केले की केले नाही, याची खूण त्याच क्षणी करायची असते. तास संपल्यावर आठवून भरलेला तक्ता हा बहुतेक वेळा कल्पनाविलास असतो आणि त्यात प्रगतीची रेषा सुंदर चढत जाते. खरी रेषा खालीवर होते, मध्येच सपाट होते, सुट्टीनंतर कोसळते. अधूनमधून दुसऱ्या व्यक्तीने त्याच सेशनची स्वतंत्र नोंद करून दोन्ही ताडून पाहिल्या पाहिजेत. रेषा बरेच दिवस सपाट राहिली तर दोष मुलाचा नसतो. कार्यक्रम बदलण्याची वेळ झालेली असते आणि तो बदल विश्लेषकाने करायचा असतो. आलेख मागणाऱ्या पालकांना ‘ते आमचे अंतर्गत कागद आहेत’ असे उत्तर मिळत असेल, तर त्या केंद्राबद्दल आणखी काही विचारण्याची गरज उरत नाही.

स्वमग्न प्रौढांनी या पद्धतीवर कठोर टीका केली आहे आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. हात फडफडवणे थांबवा, डोळ्यांत डोळे घालून बघायला लावा, खुर्चीत चाळीस मिनिटे बसवा, अशी उद्दिष्टे वर्षानुवर्षे ठेवली गेली. त्यांतून मुलांपेक्षा मोठ्यांचीच सोय झाली. हात फडफडवल्याने कोणाला इजा होत नसेल तर ते थांबवण्याचे कारण नाही. जे मूल मान वळवते, उठून दाराकडे जाते, रडते, ते नकार देत आहे, हे ओळखणे आज तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणाचा भाग मानले जाते. ‘पाच वेळा केलेस तरच सोडीन’ असा बळजबरीचा तास कागदावर शंभर टक्के यशस्वी दिसू शकतो, आणि मूल दुसऱ्या दिवशी केंद्राच्या जिन्यातच बसकण मारते. दार बंद असलेल्या खोलीत काय चालते हे पालकांना काचेतून किंवा कॅमेऱ्यावर केव्हाही पाहता आले पाहिजे. त्याच कॅमेऱ्यातील किंवा मोबाइलमधील मुलाचे चित्रण मात्र कोणाच्याही व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर जाता कामा नये, मग मूल कितीही गोड दिसत असो. पालकांनी दिलेला दिवाळीच्या फराळाचा डबा तंत्रज्ञाने घ्यावा की नाही, यावर वर्तन विश्लेषणाच्या अमेरिकी आचारसंहितेचे उत्तर आपल्याकडे जसेच्या तसे लागू करणे कठीण आहे. मी एखादी करंजी खाण्यास मज्जाव करत नाही, पण पैशांचे पाकीट आणि खासगी शिकवणीची गुपचूप बोलणी यांना करते.

आता पात्रतेचा प्रश्न. अमेरिकेत वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणारे मंडळ १९९८ साली स्थापन झाले आणि २०१४ पासून त्याने नोंदणीकृत वर्तन तंत्रज्ञ ही श्रेणी सुरू केली. तिच्यासाठी ४० तासांचे प्रशिक्षण, त्यानंतर प्रत्यक्ष काम पाहून घेतलेली कौशल्यचाचणी आणि शेवटी परीक्षा असे टप्पे ठरवले गेले. नोंदणी मिळाल्यावरही दर महिन्याला मुलांसोबत केलेल्या कामाच्या किमान ५ टक्के तासांवर देखरेख सक्तीची असते, म्हणजे महिन्याला ८० तास काम असेल तर निदान ४ तास. ही किमान मर्यादा आहे, आदर्श नव्हे. आपल्याकडे ‘४० तासांत थेरपिस्ट व्हा’ अशा जाहिराती केल्या जातात तेव्हा या साखळीची पहिली कडी विकली जाते आणि बाकीच्या कड्यांचा उल्लेखही होत नाही. शिवाय १ जानेवारी २०२३ पासून भारतात राहणाऱ्या व्यक्तीला या मंडळाकडे नव्या प्रमाणपत्रासाठी अर्जच करता येत नाही. त्यामुळे आज एखाद्या संस्थेने ‘हा अभ्यासक्रम करा आणि इथे राहून नोंदणीकृत तंत्रज्ञ व्हा’ असे त्या मंडळाच्या नावाने सांगितले, तर ते दिशाभूल करणारे आहे.

आपल्या कायद्यांत या कामाला जागा नाही असे नाही. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद विशेष शिक्षक, वाचाउपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आदींची नोंदणी करते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्याच्या अनुसूचीत तर वर्तन विश्लेषकाचे नाव स्पष्टपणे आलेले आहे. विश्लेषकाचे नाव कायद्यात आले, पण मुलासोबत सर्वाधिक वेळ घालवणाऱ्या तंत्रज्ञाचे किमान शिक्षण काय असावे आणि तिच्यावर कोणी किती देखरेख ठेवावी, हे पालकांच्या हाती पडणाऱ्या कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते.

हे सारे तंत्रज्ञांच्या विरोधात लिहिलेले नाही, उलट त्यांच्या बाजूने आहे. बहुतेक जणी विशीतल्या, मानसशास्त्राची किंवा गृहविज्ञानाची पदवी घेतलेल्या, मनापासून काम करणाऱ्या मुली असतात. त्यांना चावे बसतात, त्यांचे केस ओढले जातात, मूल आजारी पडून सेशन रद्द झाले की त्या तासाचे पैसे कापले जातात, आणि अडले तर विचारायला कोणी नसते. मग त्या वर्ष-दोन वर्षांत बँकेत किंवा कॉल सेंटरमध्ये निघून जातात आणि मुलाला पुन्हा नव्या ताईची सवय करावी लागते. पालक देत असलेल्या शुल्कातील किती वाटा त्यांच्या पगारात आणि किती देखरेखीवर खर्च होतो, हा प्रश्न केंद्रचालकांना आवडणार नाही, तरी तो विचारायला हवा.

राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. त्याने एका पानाचा मराठी नमुना तयार करून प्रत्येक थेरपी केंद्राच्या दर्शनी भागात लावणे बंधनकारक करावे. त्यावर देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे नाव, पात्रता आणि नोंदणी क्रमांक, प्रत्येक मुलामागे महिन्याला होणाऱ्या देखरेखीचे तास आणि तक्रार कोठे करायची त्याचा पत्ता असावा. शुल्काच्या पावतीवर तंत्रज्ञाचे तास आणि देखरेखीचे तास वेगवेगळे छापले जावेत. तोपर्यंत पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वी मुलाचा लेखी कार्यक्रम आणि मागील महिन्याचा आलेख पाहायला मागावा, आणि देखरेख करणारी व्यक्ती मुलाला समोरासमोर कधी पाहणार आहे, ते तारीख-वारासकट लिहून घ्यावे.

आपली,
एक विशेष शिक्षिका, कोथरूड, पुणे
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)